वॉकीटॉकी गप्प का बसतो?

हातातल्या वॉकीटॉकीचा पल्ला कमी पडला की सगळे वॅटला दोष देतात. पुष्कळदा मात्र समोरच्याचा आवाज सेटपर्यंत आलेला असतो, सेटच तो ऐकू देत नाही. स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणारी सोय, फार घट्ट लावलेला असतो.

एफएम रिसीव्हरला सिग्नल मिळत नसला की तो शांत बसत नाही, जोरात खरखरतो. समोरच्याने बटण दाबलं की आवाज वाहून आणणारी वाहक लहर येते आणि ही खरखर दबते. स्क्वेल्चचं सर्किट नेमकं हेच हेरतं. गंमत म्हणजे बोलण्याकडे त्याचं लक्षच नसतं. रेडिओवरचं बोलणं साधारण 3000 हर्ट्झपर्यंत संपतं. त्याच्या वर उरते ती निव्वळ खरखर, आणि सर्किट तीच मोजतं. ती ठरलेल्या पातळीखाली उतरली की स्पीकर चालू, नाहीतर बंद. पातळी कडक ठेवली, तर खरखरीत मिसळलेला पण समजण्याजोगा आवाजही बाहेरच अडतो.

बऱ्याच सेटच्या मेनूत 0 ते 9 अशा पायऱ्या असतात. रिकाम्या चॅनेलवर 0 पासून सुरुवात करायची, एकेक पायरी चढायची आणि खरखर थांबेल तिथे थांबायचं. शहरात चार्जर आणि एलईडी दिव्यांच्या गोंगाटामुळे एखादी पायरी जास्त लागते.

टोनची भानगड वेगळी. टोन लावला की 67 ते 254.1 हर्ट्झमधला एक ठरावीक सूर बोलण्याखाली सतत जातो, आणि समोरच्यानेही टोन लावला असेल, तर तो जुळल्याशिवाय त्याचा स्पीकर उघडत नाही. काही कंपन्या याला ‘प्रायव्हसी कोड’ म्हणतात, ते धादांत फसवं आहे. टोन न लावलेला कुणीही सगळं ऐकू शकतो.

आता अँटेना. हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात (इथे बोलायला परवाना लागतो) लहर सुमारे 2 मीटरची, म्हणजे पाव लहरीचा अँटेना अर्ध्या मीटरचा हवा. सेटवर असते ती वीतभर रबरी दांडी, आत गुंडाळलेली तार. अँटेनाची दुसरी बाजू म्हणजे सेटचा सांगाडा आणि तो धरणारा आपला हात, म्हणून कमरेला लावलेला सेट दुबळा पडतो. ही बाजू भक्कम करायला अँटेनाच्या बुडाच्या धातूच्या कड्याला अर्धा मीटर वायर जोडून लोंबती सोडली तर फरक जाणवतो.

उंचीचा फरक याहूनही मोठा. डोक्याच्या उंचीवरून सपाट जमिनीवर रेडिओचं क्षितिज, म्हणजे लहर थेट पोचते ती हद्द, जेमतेम 5 किलोमीटर. भोवतालापासून 750 मीटर उंच असलेल्या सिंहगडावरून तेच हिशेबाने 100 च्या पुढे जातं. पण तिथे दूरदर्शनचा मनोराही आहे. अशा मनोऱ्यावरून जोरदार प्रक्षेपण चालू असेल, तर त्याच्याजवळ स्वस्त सेटचा रिसीव्हर गुदमरतो आणि दूरचे सिग्नल त्याला ऐकूच येत नाहीत. लांब अँटेना लावला तर उलट जास्तच गुदमरतो. तेव्हा मनोऱ्यापासून लांब सरका, किंवा आखूड रबरी दांडीच परत लावा.