कळमनुरी कोणत्या जिल्ह्यात?

दरवर्षी नांदेडच्या आमच्या कॉलेजात बीसीएची मुलं डेटाबेसचे प्रोजेक्ट आणतात, आणि त्यांतले निम्मे ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ असतात. लॉगिनचं पान झकास, आत एकच लांबलचक तक्ता. डेटाबेस म्हणजे मोठी एक्सेल, हा समज काही केल्या जात नाही.

एका मुलीनं मात्र वेगळा विषय घेतला. तिचे काका मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत दुकानावर मुनीम. त्यांच्या जुन्या-नव्या वह्यांवरून तिनं रकाने पाडले: पावती क्रमांक, तारीख, शेतकरी, गाव, तालुका, जिल्हा, माल, कट्टे, वजन, भाव. पावत्या टाइप करता करता ती वैतागून आली. “सर, कळमनुरीपुढं कुठं परभणी लिहिलंय, कुठं हिंगोली. काकांचं चुकलं का?”

चुकलं कुणाचंच नव्हतं. 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि कळमनुरी तालुका हिंगोलीत गेला. तेव्हा या मुलीचा जन्मही झाला नव्हता.

आता गंमत बघा. पावती क्रमांकावरून शेतकरी कळतो, शेतकऱ्यावरून गाव, गावावरून तालुका आणि तालुक्यावरून जिल्हा. म्हणजे जिल्ह्याचा पावतीशी थेट संबंधच नाही; तो तीन उंबरे ओलांडून आलेला पाहुणा. त्याला प्रत्येक ओळीत बसवलं की दुखणी सुरू होतात. औरंगाबादचं 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. अशा तक्त्यात हजार ओळी बदलाव्या लागतात, आणि चार राहिल्या की एकाच दुकानात दोन जिल्हे नांदतात. एखाद्या गावचा शेतकरी अजून आलाच नसेल, तर ते गाव कोणत्या तालुक्यातलं हे लिहायला जागाच नाही. आणि एखाद्या गावची एकुलती एक पावती रद्द करून खोडली, तर तिच्यासोबत गावाची माहितीही जाते.

आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांनी 1970 साली तक्त्यांचं हे गणित मांडलं आणि पुढं असे आडून आलेले संबंध तोडायचे नियमही दिले. कॉम्प्युटरशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना 1981 साली मिळाला. उपाय ऐकायला सोपा: गावांचा तक्ता वेगळा, तालुक्यांचा वेगळा, पावतीत फक्त शेतकऱ्याचा क्रमांक.

पण तोडायचं कुठं? तक्ते पुन्हा जोडल्यावर जेवढ्या ओळी होत्या तेवढ्याच परत यायला हव्यात. त्यासाठी दोन तुकड्यांना जोडणाऱ्या रकान्यातली प्रत्येक नोंद निदान एका तुकड्यात तरी एकदाच यावी लागते. आमच्याकडे पिंपळगाव नावाची गावं किती, विचारू नका. नावावर जोड दिली, की एका पिंपळगावचा शेतकरी दुसऱ्या तालुक्यातही उगवतो. ओळी वाढतात, माहिती मात्र हरवते! म्हणून गावाला क्रमांक. माणसालाही क्रमांकच, कारण अंकशास्त्रवाल्याच्या सल्ल्यानं नावात जादा ‘ए’ घुसवणारे महाभाग मोंढ्यातही आहेत. त्यानं सोयाबीनचा भाव वाढलेला कुणी पाहिला नाही, मुनिमाच्या वहीत एक माणूस तेवढा वाढला.

एवढं समजल्यावर मुलीला जोर चढला आणि तिनं भावही उचलून मालाच्या तक्त्यात नेला. सोयाबीन, एक भाव, एकदाच लिहायचा. काकांनी तो पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला. लिलावात प्रत्येक ढिगाची बोली वेगळी लागते. ओलावा, काडीकचरा पाहून शेजारच्या दोन ढिगांत फरक पडतो. वर असं, की आज भाव बदलला तर गेल्या वर्षीच्या शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावतीही, बदलून निघेल. भाव पावतीचाच. कशावरून काय ठरतं हे कॉम्प्युटरला ठाऊक नसतं, ते मुनिमाला विचारावं लागतं, आणि लायब्ररीच्या प्रोजेक्टमध्ये विचारायला मुनीमच नसतो.

राहता राहिली कळमनुरी. 1998 ची पट्टी पुन्हा छापली तर तिच्यावर परभणीच यायला हवं. म्हणजे तालुक्यावरून जिल्हा ठरतो हेही अर्धंच खरं. तालुका आणि तारीख दोन्ही लागतात. तिनं आणखी एक तक्ता केला: तालुका, जिल्हा, पासून, पर्यंत. कळमनुरी–परभणीच्या ओळीत ‘पर्यंत’खाली 30 एप्रिल 1999. कळमनुरी–हिंगोलीपुढं तो रकाना रिकामा, म्हणजे अजून चालू. मग हौसेनं तिनं मराठवाड्यातले सगळे तालुके भरून काढले. उदगीर आणि अंबाजोगाईपुढंही तो रकाना रिकामाच आहे. दोन्हीकडची वेगळ्या जिल्ह्याची मागणी मात्र जुनी आहे.