कवकविषे, धान्यातील

धान्य, तेलबिया आणि पेंड यांवर वाढणाऱ्या बुरशीने तयार केलेली विषारी रसायने. बुरशी झटकली वा धुतली तरी दाण्यात मुरलेले विष मागे राहते, आणि भात शिजवल्याने किंवा भाकरी भाजल्याने ते फारसे घटत नाही.

मुंबईतल्या काही घरांत मे महिन्यात वर्षाचे धान्य वाळवून, एरंडेल चोळून किंवा कडुलिंबाचा पाला घालून डब्यांत भरतात. एरंडेल आणि पाला किडीसाठी. बुरशीला अडवते ते ऊन. जुलैत इथली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि सैल झाकणाच्या डब्यातले धान्य तो ओलावा शोषते. तांदूळ-गव्हात तो साधारण १४ टक्क्यांपुढे गेला की बुरशीला वाव मिळतो. शेंगदाण्याची मर्यादा आणखी खाली, ८-९ टक्क्यांच्या आसपास.

यांतले सर्वांत अभ्यासलेले विष म्हणजे ॲफ्लाटॉक्सिन. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण निघाले त्यांच्या खाद्यातील भुईमुगाची पेंड आणि तिच्यावरची ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी पट्ट्यात, बांसवाडा व पंचमहाल भागात, बुरसलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि १०६ माणसे दगावली.

ॲफ्लाटॉक्सिन बी१ मुळात तितकेसे आक्रमक नसते. शरीरच ते घातक करते. परका रेणू बाहेर टाकता यावा म्हणून यकृतातील सायटोक्रोम पी४५० ही विकरे (एन्झाइम) त्याला ऑक्सिजन जोडतात. त्यातून बनणारे इपॉक्साइड हे चटकन चिकटणारे रूप डीएनएमधील ग्वानिन या घटकाला चिकटते. ग्लुटाथायोन या पेशीतल्या विषशामक रेणूने ते वेळीच पकडले तर ठीक. नाही तर पी५३ या गाठरोधक जनुकात, विशेषतः त्याच्या २४९व्या संकेतात (कोडॉनमध्ये), बदल होऊन यकृताच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. पेशीकेंद्रातल्या अशा जाड चिकटव्यांचा तुकडा कापून डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा असते.

पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकांची, म्हणजे मायटोकाँड्रियाची, खरी अडचण इथे आहे. त्यांचे स्वतःचे वर्तुळाकार डीएनए हिस्टोन या प्रथिनांच्या आवरणाविना असते आणि ही कापून दुरुस्त करण्याची सोय तिथे नाही. उंदरांच्या यकृतावरील प्रयोगांत ॲफ्लाटॉक्सिन केंद्रकापेक्षा तंतुकणिकेच्या डीएनएला जास्त प्रमाणात चिकटलेले आढळले. मानवात या डीएनएवर ३७ जनुके असतात. त्यांतली प्रथिने घडवणारी तेराही जनुके पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रणेचे भाग तयार करतात. ती बिघडली की इलेक्ट्रॉन गळतात, उपद्रवी ऑक्सिजन रेणू साठतात, आतील पटलावरचा विद्युतदाब ढासळतो, सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडते आणि पेशी स्वतःला संपवते.

बाकीच्या विषांचे घाव वेगळ्या ठिकाणी. पिवळ्या पडलेल्या तांदळातील सिट्रिओव्हिरिडिन एटीपी हा पेशीचा ऊर्जारेणू बनवणाऱ्या विकरालाच अडवते. जपानमधल्या जुन्या हृदय-बेरीबेरी या हृदय निकामी करणाऱ्या आजाराशी त्याचा संबंध जोडला जातो. मक्यातील फ्युमोनिसिन सेरामाइड या पेशीपटलातील मेदाची जुळणी थांबवते, ऑक्राटॉक्सिन मूत्रपिंड पोखरते, तर गव्हातील डीऑक्सिनिव्हॅलेनॉल रायबोसोमला पकडून प्रथिननिर्मिती रोखते. बाजरीच्या कणसावरचा अरगट हा बुरशीरोगही अशीच विषे देणारा, मात्र त्याची बुरशीच्या धाग्यांची काळी गाठ डोळ्यांना दिसते आणि मिठाच्या पाण्यात तरंगून वेगळी होते, हे शेतकऱ्याच्या सोयीचे.

भारतात तृणधान्यांतील ॲफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. दुधातील मर्यादा त्याहून कितीतरी कडक, ०.५ मायक्रोग्रॅम; गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांपासून कुठल्याही गोठ्यापर्यंत म्हशीने बुरसट पेंड खाल्ली की दिवसभरात त्याचे एम१ हे रूप दुधात उतरते, आणि पाश्चरीकरणाने ते हटत नाही. पेंड बदलली की मात्र काही दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते.