चीक, डबा आणि पहिला तास

स्तनपानाचा विषय निघाला की आयांना उपदेश सुरू होतो: बाळाला अंगावर पाजा. पण भारतातली आई पाजत नाही, अशी परिस्थिती कधी नव्हतीच. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आसपासपर्यंत अंगावर पीत होती. त्याच पाहणीत जन्मानंतर तासाभरात छातीला लावलेल्या बाळांचं प्रमाण मात्र जेमतेम साडेनऊ टक्के होतं. गाडी अडत होती ती अगदी सुरुवातीला, आणि पुढे वरचं अन्न सुरू करायच्या वेळी.

सुरुवातीच्या या विलंबाला शास्त्राचाही आधार होता. बाळंतिणीला दूध तीन-चार रात्रींनी उतरतं, असं सुश्रुतसंहितेत म्हटलं आहे. तोवर पहिल्या दिवशी मध-तूप आणि पुढचे दोन दिवस औषधी तूप द्यावं असा तिचा क्रम. चरकसंहितेत मात्र मध-तूप चाटवल्यावर लगेच उजवा स्तन द्यावा असं आहे, म्हणजे ग्रंथांमध्येही एकमत नव्हतं. घरोघरी टिकला तो सुश्रुताचा हिशेब. पहिले दोन-तीन दिवस मध, गुळाचं पाणी, बोंडल्याने गाईचं दूध, आणि लवकरच उगाळलेली बाळगुटी. पिवळसर, दाट चीक ‘जड’ किंवा ‘साठलेला’ म्हणून पिळून टाकायचा. गाय व्यायली की तिच्या चिकाचा खरवस करून शेजारीपाजारी वाटणाऱ्या घरांत हे चालायचं, याचं आजही नवल वाटतं. रोगप्रतिकारक द्रव्यं सर्वांत जास्त असतात ती त्या चिकातच.

गिरणगावातली गोष्ट वेगळी. तिथे आईकडे दूध होतं, वेळ नव्हता. दिवसभर साच्यावर उभ्या असलेल्या बाईचं तान्हं शांत राहावं म्हणून त्याला अफूची बाळगोळी दिली जायची. मुंबईतल्या कामगार बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवलं होतं. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली. पुढच्या वर्षी कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची रजा दिली, शिवाय मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या. २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांवर गेली. शेतमजूर, घरकामगार, वीटभट्टीवरच्या बायकांना यातलं फारसं काही मिळत नाही. एसटी स्थानकांवरचे स्तनपानासाठीचे हिरकणी कक्ष निदान प्रवासापुरता आडोसा देतात, तोही उघडा असेल तर.

पावडरच्या दुधाचा डबा आला तो आधी सुखवस्तू घरांत. ग्लॅक्सो हे अशा डब्याचं नाव; गुटगुटीत मुलाला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणायची रीत पडली, एवढी जाहिरात भिनली होती. म्हशीच्या दुधापासून बाळांसाठीची पावडर करण्याचं तंत्र म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संस्थेने विकसित केलं आणि अमूलने ती बाजारात आणली. स्वदेशी डबा म्हणून त्याचं कौतुकही झालं. पण पावडर परवडत नाही म्हणून पातळ करायची, पाणी अशुद्ध, बाटली न उकळलेली, असं झालं की बाळाला जुलाब आणि कुपोषण दोन्ही गाठतं. सिसिली विल्यम्स या डॉक्टरने हे १९३९ मध्ये सिंगापूरच्या भाषणात बजावलं होतं. जगाचं लक्ष गेलं ते १९७० च्या दशकात, बाळदूध विकणाऱ्या नेस्ले कंपनीवरच्या बहिष्कारानंतर. मे १९८१ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेने बाळदुधाच्या विक्रीची आचारसंहिता संमत केली. बाजूने ११८ मतं, विरोधात एकटी अमेरिका. त्याच सभेत इंदिरा गांधींचंही भाषण झालं होतं.

भारताने १९८३ मध्ये स्वतःची संहिता काढली, पण तिला दात नव्हते. ते आले १९९२ च्या कायद्याने, जो १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला: बाळदुधाची जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र नाही. यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्तनपानासाठी काम करणारी बीपीएनआय ही संस्था १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली. मुंबईची ग्राहक संघटना ॲकॅश आणि बीपीएनआय या दोघींना कायदा मोडणाऱ्यांविरुद्ध तक्रार करायचा अधिकार सरकारने राजपत्रातून दिला. त्याआधी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी शीवच्या पालिका रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली होती.

निव्वळ स्तनपान किती महिने, हा वाद २००१ पर्यंत चालला. ‘चार ते सहा महिने’ या ढिल्या सल्ल्याचा फायदा तान्ह्यांचं अन्न विकणाऱ्यांना होत होता. जागतिक आरोग्य सभेने त्या वर्षी सहा महिने पक्के केले. २००३ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यातही तेच आलं, आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अन्नाची जाहिरातही बंद झाली.

परिणाम दिसतो. सहा महिन्यांखालच्या, फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ४६ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ६४ झालं. पहिल्या तासाचं तसं नाही. चौथ्या राष्ट्रीय पाहणीत (२०१५-१६) ४१.६ टक्के, पाचव्यात (२०१९-२१) ४१.८. याच काळात दवाखान्यातली बाळंतपणं ७९ वरून ८९ टक्क्यांवर गेली. म्हणजे दोष सुईण-सासूवर ढकलायची सोय आता उरलेली नाही. सिझेरियन १७ वरून २१.५ टक्क्यांवर गेले आहेत, आणि शस्त्रक्रियेनंतर बाळ आईजवळ कधी द्यायचं हे वॉर्ड ठरवतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या, स्तनपानासाठीच्या सरकारी ‘मा’ कार्यक्रमाचा भर म्हणूनच परिचारिका आणि आशा सेविकांच्या प्रशिक्षणावर आहे.

दुसरं टोक, म्हणजे वरचं अन्न, तर अजून लंगडंच आहे. उष्टावण थाटात होते, पण सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि वैविध्याचा आहार मिळतो तो जेमतेम ११ टक्क्यांना.