गल्लीतली बेवारस गाडी आणि दारातली जुनी गाडी: कोल्हापुरात अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाला 2019 च्या पुरानंतर एक पांढरी व्हॅन उभी राहिली, ती पुढे हललीच नाही. चारही चाकं बसलेली. मागच्या दाराच्या फटीतून पिंपळाचं रोप वर आलेलं. काचेला डोळे लावून आत पाहिलं की सीटच्या पाठीवर गाळाची रेघ दिसायची, पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवणारी. टपावर दोन टायर टाकलेले होते. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं आणि त्या पाण्यात अळ्या वळवळताना मी स्वतः पाहिल्या आहेत. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आठ-दहा दिवसांत तयार होऊन उडतो.

"महापालिकेनं उचलायला पाहिजे" असं गल्लीत सगळेच म्हणायचे. लेखी अर्ज मात्र कुणीच दिला नव्हता. शेवटी आम्ही तो दिला आणि त्यानंतरच ती व्हॅन गेली. त्या धावपळीत जे कळलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण प्रत्येक पेठेत अशी एक तरी गाडी धूळ खात उभी आहे.

एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या. गाडी गंजून माती झाली तरी तिचा नंबर सरकारी नोंदीत कुणाच्या तरी नावावर जिवंत असतो. तो नंबर रद्द होईपर्यंत जबाबदारी संपत नाही. पुढची सगळी प्रक्रिया याच मुद्द्याभोवती फिरते.

गाडी रस्त्यावर असेल तर

इथे दोन यंत्रणांना अधिकार आहेत. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 127 प्रमाणे सार्वजनिक जागी 10 तास किंवा जास्त वेळ सोडून दिलेली, किंवा मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी उचलून नेण्याचा आदेश त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. वाहतुकीला धोका होत असेल तर थांबायचीही गरज नाही. उचलून नेण्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो, दंड वेगळा. दुसरी यंत्रणा महापालिका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 230 आणि 231 प्रमाणे रस्त्यावर ठेवलेली, अडथळा करणारी वस्तू हटवण्याचा अधिकार आयुक्तांना आहे.

त्यामुळे अर्ज एकच लिहा, पण प्रती दोन काढा. एक महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात द्या. शहरात अशी चार कार्यालयं आहेत: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. दुसरी प्रत आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात किंवा शहर वाहतूक नियंत्रण शाखेत. एकाच ठिकाणी दिलात तर "हे काम त्यांचं" असं ऐकून परत यावं लागतं. आम्हाला तसं दोनदा परत यावं लागलं.

अर्ज करायला तुम्ही गाडीचे मालक असायची गरज नाही, त्या रस्त्यावर राहणारा किंवा रोज ये-जा करणारा कुणीही नागरिक चालतो. अर्जात गाडीचा प्रकार, रंग, नंबर, नेमकी जागा आणि किती दिवसांपासून उभी आहे ते लिहा. जागा लिहिताना नुसतं "शाहूपुरी" पुरत नाही. कुठली गल्ली, कुणाच्या दुकानासमोर, कुठल्या खांबाजवळ, असं लिहा. नंबर प्लेट नसेल तर तसं स्पष्ट नमूद करा, कारण तेव्हा पोलिसांना चासी नंबरवरून (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकावरून) शोध घ्यावा लागतो. काच फोडून किंवा बॉनेट उचकटून तो स्वतः बघायला जाऊ नका. दोन-तीन फोटो जोडा, त्यातला एक असा की गाडीबरोबर आजूबाजूची ओळखीची खूणही दिसेल. साचलेलं पाणी, अडलेली गटार, रुग्णवाहिकेला न मिळणारी वाट, हे जे खरं असेल तेही लिहा. आमच्यासारख्या पूररेषेतल्या गल्ल्यांनी आणखी एक मुद्दा जरूर घालावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हा आपण आपापल्या गाड्या उंचावर नेतो. बेवारस गाडी तिथेच राहते आणि पुढे बोटीची वाट अडवते.

अर्जदाराच्या आधारची प्रत जोडली तर बरं. शेजाऱ्यांच्या सह्या सक्तीच्या नाहीत, पण पाच-दहा सह्या असल्या की अर्जाला वजन येतं. आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढचा सगळा पाठपुरावा त्या आवक क्रमांकावर होतो. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर तोच क्रमांक टाकून आपले सरकार पोर्टलवर तक्रार करता येते. माहिती अधिकारात 10 रुपये भरून "माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढंच विचारलं, तरी 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

उचलल्यावर गाडीचं काय होतं

नंबरवरून मालक शोधला जातो, गाडी चोरीची किंवा गुन्ह्यातली आहे का ते तपासलं जातं. मालक सापडला तर त्याला नोटीस जाते. नाहीच सापडला तर पोलीस त्या गाडीची माहिती न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 प्रमाणे जाहीर उद्घोषणा निघते आणि हक्क सांगायला सहा महिन्यांची मुदत मिळते. कुणी आलं नाही तर पुढे विल्हेवाट. पोलीस ठाण्यांच्या आवारात गाड्यांचे ढीग वर्षानुवर्षं दिसतात, त्यात ही कायदेशीर मुदत हेही एक कारण आहे.

म्हणूनच कळकळीने सांगतो, बेवारस दिसली म्हणून गल्लीतल्या पोरांनी मिळून गाडी भंगारवाल्याला देऊ नये, तिची बॅटरी-चाकंही काढू नयेत. मालक कधीही उभा राहू शकतो आणि तेव्हा चोरीचा गुन्हा तुमच्यावर येईल.

उचललेली गाडी तुमचीच निघाली तर मूळ आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र), चालू विमा, पीयूसी आणि ओळखपत्र घेऊन त्या पोलीस ठाण्यात जा. थकलेली ई-चलनं आणि टोईंगचा खर्च भरावा लागतो. प्रकरण कोर्टापुढे गेलं असेल तर ताबा मिळवायला तिथेच अर्ज करावा लागतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये असेल तर

कलम 127 सार्वजनिक जागेपुरतं आहे. अपार्टमेंटच्या आतल्या गाडीला पोलीस सहसा हात लावत नाहीत. तिथे कमिटीने सदनिकाधारकाला लेखी नोटीस द्यायची आणि सर्वसाधारण सभेत ठराव करायचा. गाडी कुणाचीच नसेल तर मात्र लगेच पोलिसांना लेखी कळवा, ती चोरीची असू शकते. डासांची तक्रार असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे वेगळा अर्ज चालतो.

आपलीच जुनी गाडी काढायची असेल तर

शेजारच्या तात्यांनी त्यांची स्कूटर दारावर आलेल्या भंगारवाल्याला रोख पैसे घेऊन दिली आणि आरसी बुक कपाटात तसंच राहिलं. काही वर्षांनी त्यांच्या नावावर चलन आलं, त्या नंबरची गाडी कुठेतरी फिरत होती. सत्तरीतल्या माणसाला "ही गाडी माझ्याकडे नाही" हे सिद्ध करत हेलपाटे घालावे लागले.

योग्य रस्ता नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राचा आहे. सप्टेंबर 2021 च्या केंद्र सरकारच्या नियमांनी ही केंद्रं सुरू झाली. केंद्र सरकारच्या परिवहन साइटवरच्या व्ही-स्क्रॅप पोर्टलवर त्यांची यादी असते आणि अर्जही तिथूनच होतो. आपली गाडी एमएच 09 ची असली तरी देशातल्या कुठल्याही नोंदणीकृत केंद्रात देता येते. दर तिथे बोलून ठरतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. गाडी न्यायचा खर्च कोण करणार, तेही आधीच लेखी घ्या.

पात्रतेची मोठी अट नाही. 15 वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरण न केलेली, फिटनेस संपलेली, अपघातात, आगीत किंवा पुरात निकामी झालेली, किंवा मालकाला नकोशी झालेली, कुठलीही गाडी चालते. अडकतं ते वेगळ्या गोष्टींवर: कर्जाचा बोजा, चोरीची नोंद, थकीत कर आणि चलनं. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो आधी आरटीओत उतरवून घ्या. कर्ज फेडून दहा वर्षं झाली तरी आरसीवर बोजा तसाच, हे फार घरांत आढळतं.

कागद म्हणून मूळ आरसी, आधार, पॅन, रद्द केलेला चेक आणि गाडी स्वखुशीने देत असल्याचं हमीपत्र लागतं. आरसी हरवली असेल तर पोलीस तक्रारीची प्रत.

मालक हयात नसेल तर काम वाढतं. कायद्याने मृत्यूची माहिती 30 दिवसांत आरटीओला कळवायची आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. वडिलांची आठवण म्हणून गाडी अंगणात राहते आणि कागद मागे पडतात. मृत्यू दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांची संमती एवढं जमवून ठेवा.

गाडी दिल्यावर स्क्रॅप केंद्र सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र देतं. हे हातात पडल्याशिवाय चावी देऊ नका. याच प्रमाणपत्रावर आरटीओत नोंदणी रद्द होते, आणि नवी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होतं. रस्ते करातही सूट आहे. केंद्र सरकारच्या नियमात ती खासगी गाडीला 25 टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीला 15 टक्क्यांपर्यंत आहे, पण प्रत्यक्ष टक्का राज्य ठरवतं. म्हणून नवी गाडी बुक करण्याआधी ताराबाई पार्कातल्या आरटीओ कार्यालयात चालू दर विचारून घ्या. प्रत्यक्ष मोडतोड झाल्यावर स्क्रॅपिंगचं दुसरं प्रमाणपत्र मिळतं, तेही मागून घ्या.

थोड्या दिवसांनी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून नोंदणी रद्द दिसते का ते पाहा. दिसली की विमा कंपनीला कळवा, कारण नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मालकाचा असतो आणि तो नव्या गाडीला लावून मिळतो. फास्टॅगही बँकेला सांगून बंद करून घ्या.