एकशिक्षकी शाळा (महाराष्ट्र)

एकशिक्षकी शाळा : एकच गुरुजी (किंवा बाई), बहुतेक वेळा एकच खोली आणि त्या खोलीत पहिली ते चौथीची सगळी पोरं, अशी खेड्यातली प्राथमिक शाळा. सरकारी कागदात हिशोब शिक्षकांचा असतो, खोल्यांचा नाही, त्यामुळे दोन खोल्या आणि एक गुरुजी असलेली शाळाही एकशिक्षकीच, आणि एका खोलीत दोन गुरुजी एकमेकांकडे पाठ करून शिकवतायत ती मात्र द्विशिक्षकी. इथे मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातल्या मराठी मुलखाचा इतिहास घेतलाय.

या शाळेचा सगळ्यात जुना नमुना म्हणजे पंतोजीची शाळा, जिला इंग्रजी अंमलात 'गावठी शाळा' म्हणायला लागले. ती नेमकी कधीपासून चालू झाली याची तारीख देणं शक्य नाही, पण पेशवाईच्या उत्तरार्धात ती बऱ्यापैकी रुळलेली होती असं धरायला हरकत नाही, कारण पेशवाई बुडाल्यावर पाचसात वर्षांत इंग्रज अधिकाऱ्यांनी चौकशी केली तेव्हा त्यांना ती जागोजागी चालू सापडली. स्वतःची इमारत नसायचीच. देवळाचा सभामंडप, धर्मशाळा, नाहीतर पाटलाच्या किंवा सावकाराच्या वाड्याची ओसरी. पंतोजीला पगार नाही, पोरामागे धान्य, सणासुदीला शिधा आणि ऐपत असेल त्याच्याकडून थोडे पैसे. पुस्तक नाही, इयत्ता नाही, परीक्षा नाही. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची आणि काडीने नाहीतर बोटाने अक्षर गिरवायचं, चुकलं की फळी हलवली, पाटी कोरी. हात बसला की मग बोरू, शाई, कागद आणि मोडी. संध्याकाळी सगळ्यांनी एका सुरात परवचा म्हणायचा आणि सुटायचं. छडी होती, अंगठे धरून उभं करणंही होतं, त्याच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत म्हणून इथे लांबवत नाही.

गणिताबद्दल मात्र सांगायला हवं. पंतोजीच्या शाळेतलं गणित म्हणजे पाढे, आणि नुसते पूर्णांकाचे नाहीत, तर पावकी (पाव), निमकी (अर्धा), पाऊणकी (पाऊण), सवायकी (सव्वा), दिडकी (दीड), अडीचकी (अडीच) आणि औटकी (साडेतीन). आज हे उगीचचं पाठांतर वाटतं, पण रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर असा व्यवहार असताना बाजारात उभ्या उभ्या हिशोब करायचा तर दुसरी सोय काय होती? इंग्रजी शाळा आल्या, छापील पुस्तकं आली तरी हे पाढे खेड्यातल्या शाळेत टिकले ते यामुळेच. १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-मीटर आले, आणि मगच त्यांची गरज खऱ्या अर्थाने संपली.

आता वादाचा भाग. अशा शाळा किती होत्या? मुंबई सरकारच्या कौन्सिलचे सदस्य जी. एल. प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये लिहून ठेवलं की आपल्या मुलखात लहान-मोठं असं क्वचितच एखादं खेडं असेल जिथे निदान एक शाळा नाही, आणि हे शिक्षण मूठ-दोन मूठ धान्यापासून फार तर महिना रुपयापर्यंत इतक्या स्वस्तात मिळतं. हे वाक्य तेव्हापासून सतत उद्धृत होतं. पण गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यातून आकडे मागवले गेले आणि १८२९ च्या सुमाराची बेरीज निघाली ती सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजारांच्या आसपास मुलं. लोकसंख्या तेव्हा साधारण ४७ लाख धरलेली. यातल्या सरकारी शाळा फक्त २५, बाकी सगळ्या गावठी. म्हणजे एका शाळेत सरासरी वीस पोरं. गावं हजारोंनी आणि शाळा सतराशे, मग 'प्रत्येक खेड्यात शाळा' हे जुळत नाही.

मद्रास इलाख्यात गव्हर्नर मन्रोने १८२२ मध्ये सुरू केलेल्या पाहणीत १२,४९८ शाळा आल्या, बंगाल-बिहारमध्ये अ‍ॅडमने १८३५ मध्ये लाखभर शाळांचा अंदाज दिला, त्या आकड्यांवरही असाच वाद आहे. गांधीजींनी १९३१ मध्ये लंडनला चॅटम हाउसमधल्या भाषणात इंग्रजांनी इथल्या शिक्षणाचं सुंदर झाड उपटून टाकलं असं म्हटलं, त्यावर इंग्रज शिक्षणतज्ज्ञ फिलिप हार्टोग यांनी पुरावा मागितला आणि हे प्रकरण पुढे कित्येक वर्षं चाललं. गांधीवादी अभ्यासक धर्मपाल यांनी १९८३ मध्ये मद्रासचे जातवार तक्ते छापून गांधीजींच्या बाजूला वजन टाकलं. मुंबई इलाख्यापुरतं ज्यांनी कागद खरोखर उपसले ते शिक्षणाचे अभ्यासक रा. वि. परुळेकर. त्यांचं म्हणणं असं की कलेक्टरांकडून आलेले आकडे अपुरे आहेत आणि घरीच शिकणाऱ्या मुलांची मोजदाद त्यात नीट झालेली नाही. हे म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे, फक्त त्यातून लगेच गावोगावी शाळा होत्या असा निष्कर्ष काढू नये. खरी अडचण मोजणाऱ्याची नाही, मोजायच्या वस्तूची आहे, कारण पंतोजी हीच शाळा होती, तो दुसऱ्या गावाला गेला, आजारी पडला किंवा पिकं बुडून धान्य मिळेना म्हणून उठला की शाळा संपली आणि दोन वर्षांनी दुसरा आला की परत सुरू. कलेक्टरचा कारकून ज्या महिन्यात गावात पोचला त्यावर आकडा ठरायचा.

दुसरा एक तांत्रिक मुद्दा मॉनिटरचा. मोठ्या पोरांनी लहानांना शिकवायचं ही पद्धत गावठी शाळेत सरसकट होती, एकट्या माणसाला दुसरा इलाजच नाही. मद्रासच्या अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेलने स्थानिक मुलांना वाळूत अक्षरं गिरवताना पाहिलं, तो प्रकार आपल्या आश्रमात उचलला आणि १७९७ मध्ये लंडनला जाऊन त्यावर पुस्तिका छापली. जोसेफ लँकेस्टरनेही त्याच सुमारास तिकडे तसंच काही चालू केलं, मग श्रेय कुणाचं यावर दोघांच्या अनुयायांमध्ये जुंपली. मजेचा भाग असा की हीच पद्धत 'लँकेस्टर पद्धत' म्हणून सुधारित विलायती माल असल्यासारखी परत इकडे आली. १८२२ मध्ये स्थापन झालेल्या शाळा-पुस्तक मंडळीचे सेक्रेटरी कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत मराठी आणि गुजराती शिक्षक याच पद्धतीने तयार केले आणि १८२६ च्या सुमारास त्यांची पहिली तुकडी जिल्ह्यांत गेली. बेलने नेमकं किती इथून घेतलं यावर मतभेद आहेत, पण वाळूत गिरवणं त्याने मद्रासला पाहिलं हे तो स्वतःच सांगतो.

पंतोजीच्या शाळेत मुली जवळपास नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं तर नव्हतीच. सरकारी शाळा आल्या म्हणून हे आपोआप बदललं नाही. १८५६ मध्ये धारवाडला (तेव्हा मुंबई इलाख्यातच) एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला आणि त्याचा अर्ज सरकारपर्यंत गेला. पुढे प्रवेशबंदी करू नये असं वरून ठरलं, पण एका खोलीच्या शाळेत प्रवेश मिळणं आणि खोलीच्या आत बसायला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, कित्येक ठिकाणी ही मुलं ओसरीत किंवा दाराबाहेर बसून शिकली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून मुलांना सगळ्यांबरोबर बसवायचा हुकूम काढला.

पैशाची बाजू १८६० च्या दशकात बदलली. जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल सेस (स्थानिक उपकर) बसवला गेला आणि त्यातला एक तृतीयांश शिक्षणाला. खेड्यातली 'लोकल फंडाची शाळा' म्हणजे हीच, आणि आज जुन्या गावांत दगडी जोत्याची, कौलारू, पुढे पडवी असलेली जी एका खोलीची इमारत दिसते तिचा वंश साधारण इथपर्यंत नेता येतो. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात यावरच बोट ठेवलं, की महसूल शेतकऱ्याच्या घामाचा आणि शिक्षण वरच्या वर्गांना. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि शिक्षक शक्यतो शेतकरी जातींतले नेमा या त्यांच्या मागण्या होत्या. सक्ती आधी संस्थानांत आली, बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ ला अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लावली, कोल्हापूरचा कायदा १९१७ चा. गोखल्यांचं १९११ चं सक्तीच्या शिक्षणाचं बिल मात्र पास झालं नाही.

साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने (१९१९, काले) पुढे व्हॉलंटरी शाळा शेकड्यांनी काढल्या, त्या बहुतेक एकाच शिक्षकाच्या, आणि त्यांना लागणारे शिक्षक तयार करायला १९३५ मध्ये साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज. डहाणूकडे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली, तिथे तर खोलीही नाही, गुरं चरतात तिथेच शाळा. निजामाच्या मराठवाड्यात उर्दूचं वर्चस्व होतं आणि मराठी शाळा कमी. गोव्यात पोर्तुगीज अंमलात गावातल्या मराठी शाळा खाजगीरीत्या, बऱ्याचदा देवळाच्या आवारात चालल्या, आणि मुक्तीनंतर बांदोडकर सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्डाची शाळा 'झेडपीची शाळा' झाली. आतलं काम फारसं बदललं नाही. पहिलीला पाटीवर गिरवायला द्यायचं, दुसरीला फळ्यावरची गणितं, तोवर तिसरी-चौथीचा धडा, मध्येच हजेरी, दाखल-खारीज रजिस्टर, खिचडीचं धान्य मोजणं, अलीकडे ऑनलाइन माहिती भरणं, आणि केंद्रप्रमुखांची मीटिंग असली की शाळेला कुलूपच. १९८७ च्या खडू-फळा (ऑपरेशन ब्लॅकबोर्ड) मोहिमेत प्रत्येक शाळेला बारमाही वापरता येतील अशा किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक बाई, असं ठरलं, म्हणजे कागदोपत्री एकशिक्षकी शाळा तिथेच संपायला हवी होती. उलट २००० नंतर वाड्यावस्त्यांसाठी वस्तीशाळा निघाल्या, हजार रुपये मानधनावरचा एक निमशिक्षक, जागा समाजमंदिरात नाहीतर कुणाच्या पडवीत. पंतोजीच्या शाळेशी हे इतकं जुळतं की फरक शोधायला लागतो. पुढे या शाळा नियमित झाल्या.

२०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असं बांधून दिलं. मग प्रश्न उलटा झाला, शाळा आहे पण पोरं नाहीत, लोक शहरात गेले, उरलेली इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये. २०१७ च्या शेवटी दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करायचं राज्य सरकारने जाहीर केलं, त्यावर बरीच ओरड झाली. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार पुढे आला, त्यासाठी पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं दिली गेली. अशा कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात १४-१५ हजारांच्या घरात होत्या, आणि १८२९ च्या मोजणीत गावठी शाळेची सरासरी वीसच होती.