‘फ्रेंच हाऊस’चे बिगरफ्रेंच मालक

लंडनच्या सोहो भागात डीन स्ट्रीटवर ४९ नंबरला एक लहानसा पब आहे, ‘फ्रेंच हाऊस’. नावावरून कोणा फ्रेंच माणसाने तो काढला असेल असं वाटतं. पण ज्या दोन कुटुंबांनी तो पहिली ९८ वर्षं चालवला, त्यांतलं एक जर्मन होतं आणि दुसरं बेल्जियन. मुळात या पबचं नावही ‘फ्रेंच हाऊस’ नव्हतं. पाटीवर होतं ‘यॉर्क मिन्स्टर’, म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या यॉर्क शहराच्या प्रसिद्ध कॅथेड्रलचं नाव.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. इंग्लंडात पब चालवणाऱ्याला ‘लँडलॉर्ड’ म्हणतात, पण हा आपल्याकडचा घरमालक नव्हे. पुष्कळदा इमारत एखाद्या बिअर बनवणाऱ्या कंपनीची असते आणि लँडलॉर्ड स्वतःच तिचा भाडेकरू असतो. परवाना मात्र त्याच्या नावावर असतो. कोणाला प्यायला द्यायचं आणि कोणाला दाराबाहेर काढायचं, हे तोच ठरवतो. त्यामुळे पबचा इतिहास हा बऱ्याचदा त्या माणसाच्या स्वभावाचा इतिहास होऊन बसतो.

सोहोत परक्यांची वस्ती जुनीच. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांची धर्माची मोकळीक काढून घेतली, तेव्हा फ्रान्समधून पळालेले कितीतरी ह्यूगनॉ, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, इथे येऊन राहिले. पुढे जर्मन, इटालियन, ज्यू येत गेले. याच डीन स्ट्रीटवर २८ नंबरच्या दोन खोल्यांत कार्ल मार्क्सने कर्ज आणि आजारपणं काढली. अशा गल्लीत १८९१ मध्ये ख्रिश्चन श्मिट या जर्मनाने पब उघडला, यात कोणाला नवल वाटलं नसावं.

पुढची हकीकत सोहोत बरीच वर्षं अशी सांगितली जाई: १९१४ साली महायुद्ध पेटलं, जर्मन म्हणून श्मिटला गाशा गुंडाळावा लागला आणि व्हिक्टर बेर्लमाँ या बेल्जियन माणसाने पब घेतला. गोष्ट छान आहे, पण श्मिट १९११ मध्येच वारला होता. तीन वर्षं पब चालवला तो त्याच्या बायकोने, बेर्था श्मिटने, आणि व्हिक्टरला विकलाही तिनेच. दंतकथेत नवऱ्याला तीन वर्षांचं जादा आयुष्य मिळालं आणि बाई मात्र गायब झाली!

व्हिक्टर फ्रेंच बोलायचा, वाइन आणि पर्नो ही बडीशेपेच्या वासाची फ्रेंच दारू ठेवायचा. गिऱ्हाइकांना तेवढं पुरेसं होतं. लोक त्या जागेला ‘द फ्रेंच’ म्हणू लागले. १९४० मध्ये जर्मनीपुढे फ्रान्स पडल्यावर, लढा चालू ठेवणारा फ्रेंच सेनानी द गॉल याचे लोक लंडनला आले आणि त्यांचाही इथे अड्डा जमला. ‘फ्रान्स एक लढाई हरला आहे, युद्ध नाही’ असं सांगणारं द गॉलचं आवाहन याच पबात लिहिलं गेलं, असं म्हणतात. मला ते जरा जास्तच सोयीचं वाटतं. द गॉलला लंडनमध्येच कार्लटन गार्डन्सला अख्खं कार्यालय होतं. पण पबाला अशी एखादी कथा लागतेच.

खरी गाजली ती व्हिक्टरच्या मुलाची, गॅस्टनची कारकीर्द. जन्म १९१४ चा, सोहोतलाच. युद्धात ब्रिटिश हवाई दलात नोकरी करून आला आणि पुढे वडिलांच्या जागी उभा राहिला. भरघोस मिशा, बायकांच्या हाताचं चुंबन घेण्याची रीत, आणि दारुड्याला घालवण्याची त्याची खास पद्धत: आपल्या दोघांपैकी एकाला आता जावं लागेल, आणि तो मी नाही, असं तो अदबीने सांगायचा. फ्रान्सिस बेकनसारखे चित्रकार इथे नेहमीचे. कवी डिलन थॉमस आपल्या ‘अंडर मिल्क वुड’ या नभोनाट्याचं हस्तलिखित इथेच विसरून गेला होता, अशीही आठवण सांगतात. त्या काळी कायद्याने पब दुपारी बंद ठेवावे लागत. मग ही मंडळी त्याच रस्त्यावरच्या ‘कॉलनी रूम’ या खासगी क्लबात जाऊन बसत आणि संध्याकाळी परत येत.

जुलै १९८४ मध्ये यॉर्कच्या खऱ्या कॅथेड्रलला आग लागली. दुरुस्तीसाठी लोकांनी धाडलेल्या काही देणग्या चुकून डीन स्ट्रीटवरच्या ‘यॉर्क मिन्स्टर’ला येऊ लागल्या. गॅस्टनने त्या पुढे पाठवल्या, तेव्हा कळलं की त्याच्यासाठी निघालेली बोर्दोची लाल वाइन तिकडे कॅथेड्रलात उतरत होती. या घोळानंतर पाटी बदलली आणि लोकांच्या तोंडचं नाव अखेर दारावर आलं.

गॅस्टन निवृत्त झाला तो १४ जुलै १९८९ ला, म्हणजे बास्तीय दिनी, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, आणि तोही फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीचा. बेल्जियन बापाच्या मुलाने मुहूर्त मात्र अस्सल फ्रेंच साधला. १९९९ मध्ये तो वारला. त्याच्या निवृत्तीनंतर, १९८९ मध्येच, पब लेस्ली लुईस यांच्याकडे आला होता. बेर्था श्मिटनंतर पंचाहत्तर वर्षांनी पुन्हा एक बाई गल्ल्यावर. जुने नियम त्यांनी तसेच ठेवले: संगीत नाही, टीव्ही नाही. पुढे त्यात मोबाइलवर बोलणं नाही, याची भर पडली. बिअर फक्त अर्ध्या पाइंटच्या ग्लासात, म्हणजे २८४ मिलीलिटर. पूर्ण पाइंट मिळतो तो वर्षातून एकदाच, १ एप्रिलला.