विकिपीडिया आणि फॅन्डम: दोन विकी, दोन गल्ले

‘विकिपीडियावरही आता जाहिराती सुरू झाल्या की!’ अशी तक्रार अधूनमधून कानावर येते. बोलणाऱ्याचा मोबाइल हातात घेऊन पाहिला की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट निघते. एक तर देणगी मागणारी ती मोठी पट्टी, नाहीतर उघडलेलं पान विकिपीडियाचं नसतंच, ते फॅन्डम या जाहिरातींवर चालणाऱ्या, गेम-सिनेमांच्या चाहत्यांच्या विकींच्या संकेतस्थळाचं असतं.

घोटाळा होणं साहजिक आहे. गेममधलं एखादं हत्यार किंवा सुपरहिरोंपैकी कुणी गुगलवर शोधा, फॅन्डमचं पान वरतीच सापडतं. नावात ‘विकी’, मजकुराशेजारी माहितीची चौकट, खाली संदर्भ, आणि कुणीही दुरुस्ती करावी म्हणून संपादनाचं बटण. दोन्हीकडे मीडियाविकी हेच सॉफ्टवेअर, मजकुराला साधारण तोच क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (श्रेय देऊन मजकूर कुणालाही वापरू देणारा), आणि लिहिणारे दोन्हीकडे बिनपगारी. एवढंच कशाला, दोन्हींच्या संस्थापकांत जिमी वेल्स आहेत. वेगळा आहे तो गल्ला, म्हणजे पैसा येतो कुठून ते.

विकिपीडिया 2001च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा खर्च बोमिस ही वेल्स यांची कंपनी करत होती. इंटरनेट कंपन्यांच्या तेजीचा, म्हणजे डॉटकॉमचा फुगा फुटला, कंपनीचे पैसे आटले आणि 2002च्या सुरुवातीला सहसंस्थापक लॅरी सँगर यांनी एका ई-मेलमध्ये पुढे जाहिराती येऊ शकतील असं सूचित केलं. झालं! स्पॅनिश विकिपीडियाची मंडळी बिथरली. आमच्या फुकटच्या श्रमावर कुणी पैसे कमावणार असेल तर आम्ही निघालो, असं म्हणत त्यातल्या बऱ्याच जणांनी मजकूर उचलला आणि ‘एन्सिक्लोपेडिया लिब्रे’ नावाचं वेगळं बिऱ्हाड थाटलं. स्पॅनिश विकिपीडिया त्यानंतर बराच काळ रखडला. त्याच वर्षी विकिपीडियाचा पत्ता डॉट कॉमवरून डॉट ऑर्गवर गेला आणि 20 जून 2003 रोजी विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी राहिली.

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी वेल्स यांनी अँजेला बीसली यांच्यासोबत ‘विकिसिटीज’ काढली, ती नफ्यासाठी. तीच पुढे विकिया झाली आणि 2016 मध्ये फॅन्डम. मला यात ढोंग दिसत नाही. गेमच्या नकाशाशेजारी हेडफोनची जाहिरात आली तर फारसं बिघडत नाही. मधुमेहाच्या लेखाशेजारी औषध कंपनीची आली तर बिघडतं.

अर्थात जाहिरात शेजारी गुमान बसून राहत नाही, हेही खरं. 2023 मध्ये फॅन्डमवरच्या मॅकडॉनल्ड्स विकीत ग्रिमेस या जांभळ्या पात्राचा स्वयंसेवकांनी लिहिलेला लेख काढून त्या जागी प्रचारकी मजकूर आला, तोही लिहिणाऱ्यांना न विचारता. म्हणजे लेखच जाहिरात झाला. त्याच वर्षी माइनक्राफ्ट या गेमच्या विकीची मंडळी फॅन्डम सोडून स्वतःच्या पत्त्यावर गेली. रूनस्केप या गेमचे विकीवाले 2018 मध्येच गेले होते. परवाना खुला असल्याने मजकूर सोबत नेता येतो. पण जुनी प्रत आणि तिचा पत्ता कंपनीकडेच राहतो, आणि ओळखीचं पान म्हणून लोक तिथेच जात राहतात. घर बदललं तरी पाटी मालकाच्या भिंतीवर, असा प्रकार.

देणगीचं गणित सोवळं आहे असंही नाही. फाउंडेशनचं 2022-23चं उत्पन्न सुमारे 18 कोटी डॉलर होतं, आणि त्यातून प्रत्यक्ष सर्व्हर-होस्टिंगवर 30 लाख डॉलरच्या आसपास खर्च झाले. मोठा वाटा पगारांचा. प्रोग्रामर, वकील लागतात हे कबूल. पण पट्टीचा सूर असा असे, की आज पैसे दिले नाहीत तर उद्या विकिपीडियाला टाळं लागेल. 2022च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनीच या भाषेला हरकत घेतली आणि फाउंडेशनला शब्द बदलावे लागले. जाहिरात नसली तरी जाहिरातीची भाषा येऊ शकते ती अशी.

तरीही मराठी वाचणाऱ्याला या गल्ल्याचा एक फायदा सरळ आहे. जाहिरातीत पैसा वाचकांच्या संख्येवर आणि त्यांच्या खिशावर ठरतो. त्या हिशेबात मराठीतला संगमेश्वराचा लेख अमेरिकेतल्या गेमच्या पानापुढे टिकणार कसा? मे 2003 पासून चालणारा मराठी विकिपीडिया त्याच सर्व्हरवर आहे, जिथे इंग्रजीचा आहे. त्याला स्वतःचं भाडं कमवावं लागत नाही.

देणगीवर चालणाऱ्या विकिपीडियाची खरी अडचण आता वेगळी आहे. विकिपीडियातली माहिती गुगलच्या चौकटीत किंवा एआयच्या उत्तरात परस्पर मिळाली की वाचक मूळ पानावर येत नाही. तो आला नाही की पट्टी दिसत नाही, आणि पट्टी दिसली नाही तर देणगी कुठून येणार? घाऊक माहिती उचलणाऱ्या बड्या कंपन्यांसाठी 2021 मध्ये ‘विकिमीडिया एंटरप्राइझ’ ही सशुल्क सेवा सुरू झाली. मजकूर पूर्वीसारखाच मोफत, पैसे वेगवान आणि नीट लावून दिलेल्या पुरवठ्याचे. गुगल हे तिचं सुरुवातीचं गिऱ्हाईक.

तर पुन्हा कधी शंका आली तर पत्ता बघा. शेवटी ‘फॅन्डम डॉट कॉम’ असेल तर ती जाहिरात आहे. ‘विकिपीडिया डॉट ऑर्ग’ असेल तर ती देणगीची पट्टी आहे, आणि फुलीवर बोट ठेवलं की जाते. लॉग-इन करून लेख लिहिणाऱ्यांना ती सहसा दिसतही नाही.